पोस्टाच्या खिडकीत मान कशी घालावी

पोस्टाच्या काउंटरवर जी काच असते, तिचं अर्धगोल भोक बरोबर आपल्या छातीच्या खाली येतं. सुताराचं माप चुकलंय असं समजू नका. त्या भोकातून बोलायचं तर वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाचा आवाज चढत नाही. करून बघा. पोस्टात जाण्याची निम्मी तयारी इथेच होते. ज्यांची कंबर वाकत नाही त्यांनी कुरियरवाल्याकडे जावं. तो बसायला स्टूल देतो, 'बोला सर' म्हणतो आणि माणसाच्या सवयी बिघडवतो.

उरलेली निम्मी तयारी मी सांगतो. आमच्या भागातल्या पोस्टात अकरा वर्षं बोलणी खातोय, तेव्हा तेवढा अधिकार मला आहे.

आधी हाक कशी मारायची ते ठरवा. काचेपलीकडे बाई असतील तर 'मॅडम', दुसरं काही नाही. 'ताई' म्हणालात तर सलगी झाली. 'काकू' म्हणालात तर त्या दिवशी सर्व्हर फक्त तुमच्यापुरता बंद पडेल. पुरुष असेल तर 'साहेब'. केसांना मेंदी लावणाऱ्या माणसाला 'काका' म्हणू नये, तो तुमच्याहून दोनच वर्षांनी मोठा असतो. आणि 'एक्सक्यूज मी' तर नकोच नको. ते ऐकल्यावर आतली मान वर येते, दोन सेकंद तुमच्याकडे बघते आणि पुन्हा खाली जाते. मग ती जेवणाच्या सुट्टीनंतरच वर येते.

हाक मारून झाली की प्रश्न विचारायचा मोह आवरा. 'स्पीड पोस्टची रांग हीच का?' या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर आहे: 'वर पाटी आहे, वाचता येतं ना?' पाटी आहे, खरंय. तिच्यावर 'तार' लिहिलंय. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद आहे, पण पाटीला कळवणार कसं? त्यासाठी तार करावी लागली असती.

काय हवंय ते नेमक्या शब्दांत सांगावं असा एक गैरसमज आहे. मी दोन्ही प्रकारचे शब्द वापरून पाहिलेत. चार वर्षांपूर्वी भाडेकरूला नोटीस पाठवायची होती, म्हणून 'स्पीड पोस्ट' म्हणालो. 'नोटीस आहे ना? मग रजिस्टर एडी करायची, एवढंही कळत नाही?' मी ते मनावर कोरून घेतलं. पुढे २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यानंतर गेलो आणि शहाण्यासारखं 'रजिस्टर एडी' म्हणालो. 'बंद झालं ते. पेपर वाचत नाही का?' बघा, नियम बदलला, सेवेचं नाव बदललं, पण चूक कुणाची हे बदललं नाही. एवढं सातत्य दुसऱ्या कुठल्या खात्यात सापडेल?

रांगेत पुढे एकच बाई उभ्या आहेत म्हणून हुरळून जाऊ नका. त्यांच्या हातातली पिशवी बघा. त्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट असतात आणि पिशवीत आख्ख्या आळीची आरडीची पासबुकं असतात. साठ खाती, साठ एंट्र्या, पण पोस्टाच्या हिशोबात रांगेतला नंबर एकच. तुम्ही मागे उभे राहून पहिल्या दहा पासबुकांपर्यंत मोबाइल बघाल, पुढच्या वीसपर्यंत घड्याळ. त्यानंतर माणूस भिंतीवरचं सुकन्या समृद्धीचं पोस्टर वाचायला लागतो आणि आपल्याला दहा वर्षांखालची मुलगी नाही याचं त्याला खरोखर वाईट वाटू लागतं.

पण कान उघडे ठेवा, कारण इथे शिकण्यासारखं खूप आहे. तुम्हाला 'थांबा, दिसत नाही का' म्हणणारा तोच आवाज या एजंटबाईंना म्हणतो, 'अगं, सुनेचं काय झालं मग?' एकदा त्यांनी पिशवीतून डबा काढून काचेखालून आत सरकवला. डिंकाचे लाडू होते. काउंटरवरची डिंकाची बाटली तेव्हा कित्येक महिने कोरडी होती, आत काडी उभीच्या उभी चिकटून बसलेली. आमच्या पोस्टात डिंक शिल्लक आहे तो फक्त लाडवात. मी पुढच्या खेपेला चिवडा घेऊन गेलो. 'खाद्यपदार्थ काउंटरवर ठेवू नका,' असं सांगण्यात आलं. ओळख आधी लागते, डबा नंतर.

फॉर्मचं फार बोलत नाही. पैसे भरायचे तर एसबी १०३, काढायचे तर एसबी ७, आणि जो मागाल तो संपलेला असतो. बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतो. पेन आपलं न्यावं. सुतळीने बांधलेलं पेन हे पेन नसून त्याची समाधी आहे.

पिनकोड मात्र नीट लिहा, त्यावरून मी आयुष्यात सर्वांत जास्त ऐकलंय. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतात नाटकं लिहिणाऱ्या टपाल अधिकाऱ्याने. पहिला आकडा विभागाचा (आपला ४, गोव्याचाही ४), पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन त्या ठरावीक पोस्टाचे. इतकी रेखीव गोष्ट. तरी आपण शेवटच्या तीन आकड्यांत काहीतरी घोळ घालतो, आणि मग काचेमागून येतं, 'स्वतःच्या सासरचा पिनकोड माहीत नाही?' सासरचा नव्हता, साडूचा होता. मी दुरुस्ती केली नाही.

बचत खातं असेल तर तीन वर्षांत एकदा तरी शंभर रुपये भरा किंवा काढा. नाहीतर खातं झोपतं आणि ते उठवायला आधार, पॅन, फोटो घेऊन पुन्हा वाकावं लागतं. 'इतकी वर्षं कुठे होतात?' हे तुम्हाला सासूबाईंच्या सुरात विचारलं जाईल. अशा खात्याला पोस्टाच्या भाषेत 'सायलेंट' म्हणतात. ग्राहकाचं पोस्टाला मनापासून आवडणारं हे एकमेव रूप.

आता काहींचं रक्त तापलं असेल. आम्ही कायद्याने जाब विचारू, म्हणाल. जरूर विचारा, पण कायदासुद्धा काचेच्या आतल्या बाजूलाच बसलेला आहे. इंग्रजांनी १८९८ मध्ये डाक अधिनियम केला आणि त्याच्या सहाव्या कलमात लिहून ठेवलं की टपाल हरवलं, भलतीकडे गेलं, उशिरा पोचलं किंवा मोडलं, तरी सरकारने स्वतःहून पत्करली असेल तेवढीच जबाबदारी. इंग्रज गेले, सव्वाशे वर्षं गेली, २०२३ चा नवा कायदा आला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. जुना कायदा रद्द झाला. त्यातला हा दागिना मात्र पुसून-बिसून दहाव्या कलमात बसवला आहे. अधिकारी जबाबदार केव्हा? त्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून नुकसान वा उशीर केला तर. म्हणजे तुमचं पार्सल नुसत्या हलगर्जीपणाने हरवलं असेल तर विषय संपला. ते मन लावून हरवलं होतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. स्पीड पोस्ट गहाळ झाल्यास भरपाईचा वर्षानुवर्षं चालत आलेला नियम तर मला तोंडपाठ आहे: शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. 'जे कमी असेल ते' हे चार शब्द ज्याने लिहिले त्याने नक्की कधीतरी काउंटर सांभाळलं असणार.

एक गोष्ट मान्य करायला हवी, जरा हळू आवाजात. आमच्या पोस्टात खिडक्या तीन आहेत आणि माणूस एक. त्याच बाईंनी टपाल घ्यायचं, पासबुकं भरायची, आधार दुरुस्त करायचं, विम्याचे हप्ते घ्यायचे, गंगाजलाच्या बाटल्या विकायच्या, ऑगस्ट आला की तिरंगे विकायचे. आणि नवी संगणक प्रणाली बसल्यापासून पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं की पन्नास माणसांच्या नजरा झेलायच्या. त्या जागी मी असतो तर चाळिसाव्या माणसाला चावलो असतो. पण ही सहानुभूती घरी ठेवून जा. मी एकदा दाखवली. 'मॅडम, आज एकट्याच?' असं विचारलं.

'का, तुम्ही येताय?'

तरीही तक्रार करायचीच असेल तर मार्ग आहेत. तक्रारवही प्रत्येक पोस्टात असते. आमची कपाटात असते, कपाटाची किल्ली पोस्टमास्तरांकडे असते आणि पोस्टमास्तर मीटिंगला असतात. पोर्टलवर तक्रार टाकली तर काही दिवसांनी 'निराकरण झाले' असा निरोप येतो. कशाचं, ते विचारायला दुसरी तक्रार टाकावी लागते. राहिली डाक अदालत, म्हणजे तक्रारी ऐकायला टपाल खातं स्वतःच भरवतं ती बैठक. तिच्यासाठी तक्रार आधी लेखी, अधीक्षकांच्या नावे पाठवायची. पाठवायची कशी, ते लक्षात आलंच असेल.

गेल्या महिन्यात मी चार पानं लिहिली. 'उर्मट' दोनदा आलं, 'तुच्छतादर्शक' एकदा. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'डाक अदालतीसाठी' लिहिलं, खाली पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि रांगेत उभा राहिलो. पुढे एजंटबाई होत्या, पिशवीसह. पन्नास मिनिटांनी माझा नंबर आला. वाकलो, पाकीट आत सरकवलं. मॅडमनी ते वजनकाट्यावर ठेवलं, उचललं, वरची ओळ वाचली. खालची वाचली. माझ्याकडे बघितलं. मी डिंकाच्या बाटलीकडे बघत होतो.

'पिन चुकलाय.'

'अं?'

'अधीक्षक ऑफिसचा पिन हा नाही. शेवटचे तीन आकडे चुकलेत. असंच गेलं तर आठ दिवस फिरत बसेल.' कुठेही न बघता त्यांनी आकडे खोडले, वर बरोबर लिहिले, स्टिकर चिकटवलं, शिक्का मारला आणि पावती माझ्यापुढे टाकली. मी शंभराची नोट दिली.

'सुट्टे नाहीत?'

नव्हते.

'उरलेले उद्या घेऊन जा. पुढचे कोण?'

'थँक्यू मॅडम,' मी म्हणालो. वाकूनच.