लिझेलोटेचं माहेर

लिझेलोटेचं नाव निघालं की तिच्या फटकळ जिभेचे किस्से सुरू होतात. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईची भावजय, त्याच्या व्हर्साय दरबारातल्या भानगडी पत्रांतून जर्मनीला कळवणारी. मला हे मनापासून खटकतं. अभ्यासकांच्या अंदाजानं तिनं साठेक हजार पत्रं लिहिली, त्यातली पाचेक हजार उरली आहेत. एवढं कोणी भानगडी सांगायला लिहीत नाही. माहेर तुटू नये म्हणून लिहितं.

जन्म 1652चा, हायडेलबर्गचा. वडील कार्ल लुडविग, पॅलॅटिनेट या जर्मन संस्थानाचे इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेले राजे. आईवडिलांचं पटेना, वडिलांनी आईच्याच सेवेतल्या लुईझे फॉन डेगेनफेल्डशी लग्न केलं. 7 वर्षांच्या पोरीला हनोव्हरला सोफीआत्याकडे पाठवलं. आई म्हणून तिनं आयुष्यभर धरलं ते या आत्यालाच. सावत्र भावंडांचा तिनं कधी दुस्वास केला नाही. त्यातल्या लुईझेला तर शेवटपर्यंत लिहीत राहिली.

1671 मध्ये धर्म बदलायला लावून तिचं लग्न राजाच्या भावाशी लावलं. त्या संसाराबद्दल पुन्हा कधीतरी.

1685 मध्ये तिचा भाऊ, वडिलांनंतरचा इलेक्टर, निपुत्रिक वारला आणि लुईनं पॅलॅटिनेटवर वारसाहक्क पुढे केला, तोही तिच्या नावानं! 1688 मध्ये फ्रेंच फौजा घुसल्या. 1689 मध्ये हायडेलबर्ग पेटवलं, जवळचं मानहाइम शहर जमीनदोस्त केलं. त्या मार्चमध्ये तिनं आत्याला कळवलं की आपल्या मुलखाच्या नाशाला आपलंच नाव कारण झालं हे सोसवत नाही. रोज डोळा लागला की हायडेलबर्ग नाहीतर मानहाइम दिसतं, दचकून जाग येते आणि मग रडू आवरत नाही. सोफीचंही लग्न हायडेलबर्गलाच लागलं होतं. जळत होतं ते दोघींचं घर. आणि लिहिणारीला पक्कं ठाऊक होतं की आपली पत्रं वाटेत फोडून वाचली जातात. तरी तिनं लिहिलं. त्याच राजाच्या घरात राहून. हे धैर्य सोडून आपण तिच्या शिव्यांचे किस्से सांगत बसतो, याचं मला वाईट वाटतं.

गुरुवारी आणि रविवारी हनोव्हरला पत्र, हा नेम 1714 मध्ये आत्या जाईपर्यंत चालला. पुढे लिझेलोटेच्या नातवानं ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाशी लग्न केलं, तो सम्राट झाला. वंशावळीत हे ठळक दिसतं. मला मात्र उतारवयातली तिची एक आठवण सोडत नाही: हायडेलबर्गच्या डोंगरावर पहाटे 5 वाजता पावाच्या तुकड्याबरोबर खाल्लेल्या चेरी. लग्नानंतर ती तिथे पुन्हा कधी गेली नाही. 1722 मध्ये पॅरिसजवळच्या सँ-क्लूला वारली.