जोडीदाराचा व्हिसा आपोआप मिळतो, या दाव्याची तपासणी

परदेशात शिकायला निघालेल्या विवाहित विद्यार्थ्यांमध्ये एक संदेश बराच काळ फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: विद्यापीठात प्रवेश मिळाला की नवऱ्याला किंवा बायकोला डिपेंडंट व्हिसा आपोआप मिळतो, त्या व्हिसावर पूर्णवेळ नोकरी करता येते, त्या पगारात घरखर्च भागून फीसुद्धा निघते, विद्यार्थ्याने आधी एकट्याने गेले तरी चालते, जोडीदाराला मागाहून केव्हाही बोलावता येते, आणि यांतले काहीच जमले नाही तर टुरिस्ट व्हिसावर नेऊन तिथल्या तिथे व्हिसा बदलून घ्यावा. पाचही विधाने ठाम आहेत. पंचाईत अशी की त्यांतली बहुतेक निव्वळ थाप नाहीत. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी वर्षी ती खरी होती किंवा आजही आहेत. संदेशातून देश आणि वर्ष तेवढे गळून पडले आहेत.

‘आपोआप’ या शब्दापासून सुरुवात करू. ब्रिटनमध्ये साध्या एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आलेल्या विद्यार्थ्यालाही पूर्वी जोडीदार आणता येत असे, आणि हा समज बहुधा त्या काळातलाच असावा. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना ही सोय राहिली नाही. आता पीएचडी, संशोधनावर आधारलेली उच्च पदवी किंवा सरकारी शिष्यवृत्तीवरचा सहा महिन्यांहून मोठा अभ्यासक्रम असेल तरच जोडीदाराचा अर्ज घेतला जातो. अशा शिष्यवृत्तीशिवाय वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्ससाठी निघालेल्या विद्यार्थ्याचे लग्न कितीही जुने असले, बँकेत कितीही पैसे असले, तरी या वाटेने जोडीदार जाऊ शकत नाही.

कॅनडाने हेच काम दोन टप्प्यांत केले. मार्च २०२४ मध्ये जोडीदाराचे ओपन वर्क परमिट (कोणत्याही मालकाकडे काम करण्याचा परवाना) मुख्यतः मास्टर्स, पीएचडी आणि काही व्यावसायिक पदव्यांपुरते उरले, आणि २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्सलाही अट लागली की अभ्यासक्रम किमान १६ महिन्यांचा हवा. डॉक्टरेट आणि वैद्यक, कायदा, नर्सिंग, इंजिनिअरिंग अशा निवडक व्यावसायिक पदव्यांना सवलत कायम आहे. त्यामुळे प्रवेशपत्रातल्या विद्यापीठाच्या नावापेक्षा खालची तारखांची ओळ आधी वाचावी. सप्टेंबरमध्ये सुरू होऊन पुढच्या ऑगस्टमध्ये संपणारा अभ्यासक्रम बारा महिन्यांचा भरतो, आणि तिथेच जोडीदाराच्या वर्क परमिटचा विषय संपतो. पदविका अभ्यासक्रमांचीही सर्वसाधारणपणे तीच गत आहे. अशा जोडीदाराला व्हिजिटर म्हणून जाण्यासाठी अर्ज करता येतो, पण व्हिजिटरला नोकरी करता येत नाही.

आता पूर्णवेळ नोकरीचे विधान. हे सर्वांत जास्त घात करते, आणि अमेरिकेच्या बाबतीत तर ते सपशेल चूक आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ मिळतो आणि एफ-२ वर नोकरी करता येत नाही. अर्धवेळही नाही, विद्यापीठाच्या आवारातही नाही, आणि विद्यार्थी पुढे ओपीटीवर (शिक्षणाशी निगडित कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर) कमावू लागला तरी नाही. २०१५ पासून एफ-२ जोडीदाराला मान्यताप्राप्त संस्थेत अर्धवेळ शिकता येते, एवढीच काय ती मोकळीक. नोकरी करता येते म्हणून अनेकजण येथे जे-२ व्हिसाचे उदाहरण देतात. ते खरे आहे, पण तो जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा आहे. जे-२ धारकाने तिथे पोहोचल्यावर कामाच्या परवानगीसाठी वेगळा अर्ज करायचा असतो आणि तो मंजूर होईपर्यंत थांबायचे असते. शिवाय ही कमाई जे-१ धारकाच्या चरितार्थासाठी लागता कामा नये, अशी अट नियमातच आहे. म्हणजे जोडीदाराच्या पगारातून फी भरण्याचा बेत सांगणे हेच तिथे अर्ज नाकारण्याचे कारण ठरू शकते. जे-१ विद्यार्थ्याला कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू असेल, तर ती जे-२ जोडीदारालाही लागू होते, हे संदेशात कुठेच नाही.

इतरत्र चित्र वेगळे आहे. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी मास्टर्स किंवा पीएचडी करत असेल तर जोडीदाराच्या कामाच्या तासांना मर्यादा नाही, पण पदवी किंवा पदविका असेल तर पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. जर्मनीत कुटुंब एकत्रीकरणाच्या परवान्यावर आलेल्या जोडीदाराला काम करता येते. मात्र त्याआधी साधारणपणे ए-१ (अगदी प्राथमिक) पातळीची जर्मन भाषा, पुरेशी जागा आणि दोघांच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. संदेश लिहिणाऱ्याने हाच देश डोळ्यांसमोर ठेवला असता तर त्याचे निम्मे म्हणणे टिकले असते.

पगारातून सगळे भागेल, हे तिसरे विधान हिशेबाच्या क्रमावरच अडते. पैसे अर्जाच्या वेळी दाखवायचे असतात, पगार मिळाला तर नंतर मिळतो, आणि न मिळालेली नोकरी कोणताही व्हिसा अधिकारी जमेत धरत नाही. कॅनडाने १ जानेवारी २०२४ रोजी एका विद्यार्थ्याच्या राहण्या-खाण्यासाठी दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलरवर नेली होती. फी आणि प्रवासखर्च त्याहून वेगळा, आणि सोबत जोडीदार असेल तर रक्कम आणखी वाढते. म्हणजे जोडीदारामुळे अर्जाच्या दिवशी भार हलका होत नाही, उलट वाढतो.

मागाहून केव्हाही बोलावता येते, या समजाला सर्वांत साधा छेद ऑस्ट्रेलियाचा अर्ज देतो. तिथल्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जात कुटुंबातल्या व्यक्तींची नोंद त्या सोबत येणार नसल्या तरी करावी लागते. ‘सध्या एकटाच जातो आहे’ म्हणून तो रकाना रिकामा सोडला, तर पुढे त्याच जोडीदाराला कुटुंबीय म्हणून व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर जोडीदाराला सोबत ठेवता येते, पण जोडीदार आधीच, विद्यार्थी व्हिसाच्या काळात, अवलंबित म्हणून आलेला असावा लागतो; नव्याने बोलावता येत नाही.

टुरिस्ट व्हिसाचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, तो धोक्याचा आहे. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून असताना विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा मागता येत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून व्हिजिटर व्हिसावर असलेल्यांना तिथे बसून विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करण्याची वाट बंद केली. अमेरिकेत दर्जा बदलण्याचा अर्ज कागदोपत्री करता येतो, पण पर्यटनाचे कारण सांगून प्रत्यक्षात राहायला आल्याचे दिसले तर ती खोटी माहिती धरली जाते, आणि त्याचा डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो.

जोडीदाराने स्वतःच्या प्रवेशावर, स्वतःच्या विद्यार्थी व्हिसावर जावे, हा पर्याय संदेशाने विचारातच घेतलेला नाही. दोन फी भराव्या लागतात, म्हणून तो सर्वांना परवडणार नाही. पण ज्या घरात दोघांनाही शिकायचे आहे, तिथे बारा महिन्यांच्या मास्टर्ससाठीही हा रस्ता खुला राहतो, आणि बहुतेक देशांत विद्यार्थी म्हणून ठरावीक तास काम करण्याची मुभाही त्यासोबत मिळते.