खुलासा: 'एका सेशनमध्ये डाग-सुरकुत्या गायब' हा मेसेज चुकीचा आहे

आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे त्वचेवर प्रकाशाचे तीव्र झोत मारण्याचा उपचार) हे लेझरच आहे, एका सेशनमध्ये उन्हाचे डाग आणि सुरकुत्या जातात आणि ते कुठल्याही त्वचेला चालतं, असा मेसेज फिरतोय. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

लेझर एकाच तरंगलांबीचा प्रकाश देतो. आयपीएलचा झोत अनेक तरंगलांबींचा, साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरच्या दरम्यानचा, फिल्टरने गाळलेला. तो डागातलं मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) तापवतो. म्हणून डाग आधी जास्त काळे पडतात, कॉफीच्या चुऱ्यासारखे दिसतात आणि चेहऱ्यावर साधारण आठवडाभरात झडतात. ते खरवडू नका, व्रण राहू शकतो. सहसा 3 ते 5 सेशन लागतात, मध्ये 3-4 आठवडे. खोल सुरकुत्यांवर फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात घातक दावा तिसरा. सावळ्या किंवा नुकत्याच रापलेल्या त्वचेत मेलॅनिन सगळीकडेच असतं. उष्णता तिथेही शोषली जाते, मग भाजणं, फोड, नवे काळे डाग. वांग तर वाढूही शकतो. बदलता किंवा शंकास्पद तीळ आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, त्यावर झोत मारून घेऊ नका.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.