ट्रकच्या केबिनमधील एसीचा गॅस ‘संपतो’ का?

ट्रकचालकांमध्ये एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा आहे: केबिनमधला एसी थंड हवा देईनासा झाला की गॅस संपला असे समजावे, इंजिन ऑइलप्रमाणे हा गॅसही दर उन्हाळ्यापूर्वी भरून घ्यावा, गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की भरणे थांबवावे, आणि गळती किरकोळ असेल तर गळती बुजवणाऱ्या द्रवाचा डबा आत सोडावा. या चारही विधानांत तथ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती टिकून राहिली आहेत; परंतु त्यांवर विसंबून केलेली दुरुस्ती फार दिवस टिकत नाही आणि कधी कधी चांगला कॉम्प्रेसरही (गॅस दाबून फिरवणारा पंप) त्यात जातो.

प्रथम गॅस ‘संपण्याविषयी’. बहुसंख्य ट्रकांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो आणि तो इंधन नाही. बंद नळ्यांमध्ये तो द्रवाचा वायू आणि वायूचा पुन्हा द्रव होत फिरत राहतो, खर्च होत नाही. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षे अगदी थोडा गॅस झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल, तर ती देखभाल नसून न शोधलेली गळती आहे. ट्रकमध्ये गळतीच्या जागाही बऱ्याच ठरलेल्या असतात. इंजिन रबरी माउंटवर हलते, केबिन स्वतःच्या सस्पेन्शनवर वेगळी हलते, आणि दोन्हींना जोडणारा होज जिथे एखाद्या कडेला घासतो तिथे तो झिजतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येत असल्याने अशा जागी धूळ चिकटून तेलकट काळा डाग पडलेला दिसतो. या तेलाच्या नुकसानीकडे संदेशात कुणाचे लक्षच गेलेले नाही: नुसता गॅस भरत राहिल्यास कॉम्प्रेसर दर वर्षी आधीपेक्षा कमी तेलावर चालतो.

थंड हवा नाही म्हणजे गॅस नाही, हे विधान तर सर्वांत जास्त दिशाभूल करते, कारण लक्षण एकच असले तरी कारणे अनेक असतात आणि ती बहुतेक वेळा गेज न लावताच ओळखू येतात. एसी धावत्या गाडीत थंड राहतो पण गाडी उभी राहिली की गरम होतो, अशी तक्रार असेल तर आधी पंख्याकडे पाहावे. गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, सहसा रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्यातून हवा ओढण्याचे काम इंजिनच्या मुख्य पंख्याकडे असते. हा पंखा गरज पडेल तेव्हाच क्लचद्वारे जोडला जातो. क्लच जोडला गेला नाही, तर वेगात असताना समोरून येणारा वारा उणीव भरून काढतो, उभ्या गाडीत मात्र उष्णता बाहेर टाकायला काहीच उरत नाही. पहिला तास छान थंडावा, मग हवेचा झोत हळूहळू मंदावत जाणे आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर सारे पूर्ववत होणे, हे केबिनची हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असल्याचे चिन्ह आहे. त्यामागे अनेकदा केबिनचा तुंबलेला फिल्टर असतो. कॉइलकडून येणारी नळी गार आहे, पण जाळीतून कोमट हवा येते, तर हीटरचा पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल किंवा गरम-थंड हवा मिसळणारी झडप अडकली असेल. ब्लोअर केवळ सर्वांत जोराच्या वेगावर चालतो, तर अनेक गाड्यांत त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो. यांपैकी एकाही बिघाडावर गॅस हा उपाय नाही.

आता काट्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गेजमुळे मोजमाप झाल्याचा विश्वास वाटतो. एसी बंद असताना नळ्यांमध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब केवळ तापमानावर ठरतो. ३० अंश सेल्सिअसला आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतो, मग गॅस पुरेसा असो वा निम्मा. चालू एसीत एकट्या लो साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या कमी दाबाच्या बाजूचा, काटा पाहणेही तितकेच फसवे आहे. लो साइड आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी जास्त दाबाची बाजू) या दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरवरून हवा जात नाही, किंवा गॅस जादा झाला आहे, किंवा आत हवा शिरली आहे. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी असेल तर कॉम्प्रेसरची दाबण्याची ताकद गेली आहे. आणि लो साइड निर्वाताकडे झुकली असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (बारीक छिद्रातून द्रव सोडून त्याचा दाब उतरवणारी झडप) किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) तुंबलेला असू शकतो. शेवटच्या प्रकारात केवळ लो साइडचा काटा पाहणारा माणूस गॅस कमी आहे असे समजून तो भरत जातो, आणि पुढे अडथळा सुटताच जादा गॅस हाय साइडचा दाब धोकादायक पातळीवर नेतो. म्हणून योग्य प्रमाण दाबाने नव्हे, तर वजनाने ठरते: उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यावा, तो किती निघाला ते तोलावे आणि निर्मात्याने दिलेल्या आकड्याइतकाच परत भरावा.

गळती बुजवणाऱ्या द्रवाविषयी माझे मत ठाम आहे: तो वापरू नये. तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात घट्ट होऊ शकतो आणि गॅस काढून घेणाऱ्या यंत्रातही अडकतो, त्यामुळे अनेक कारागीर अशी गाडी हातात घ्यायलाच तयार नसतात. गळती अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, इलेक्ट्रॉनिक शोधक किंवा कोरड्या नायट्रोजनचा दाब वापरून शोधावी. त्यासाठी कॉम्प्रेसरची साधी हवा कधीही भरू नये, कारण दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो.

सापडलेला होज किंवा सील बदलल्यावर ड्रायरही बदलावा, बाहेर गेलेल्या तेलाइतके तेल भरावे आणि निर्वात पंप लावावा. नळ्यांत अडकलेले पाणी निर्वातात उकळून बाहेर पडते. ते राहिले तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते. पंप बंद केल्यानंतर निर्वात तसाच टिकतो का, हे निदान अर्धा तास पाहावे. मागे झोपण्याच्या जागेसाठी स्वतंत्र कॉइल आणि व्हॉल्व्ह असेल, तर तिथले सांधेही तपासावेत. तो भाग गादीखाली झाकलेला असल्याने सहज नजरेतून सुटतो, आणि रात्रभर तिथेच झोपणाऱ्या चालकाला त्याची सर्वांत जास्त गरज असते.