परदेशातून : पहिलीच्या आधीचे कापडी पुस्तक

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणली, जूनमध्ये त्या निर्णयात दुरुस्ती केली आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विरोध करणाऱ्यांची बाजू मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. पण ब्रिटनमधून ती चर्चा वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. सगळा वाद वेळापत्रकातल्या तासांवर झाला. पहिलीच्या आधीच्या तीन वर्षांत मुलाच्या हातात मराठीतले काय असते, हे फारसे कोणी विचारलेच नाही.

इथल्या मराठी मुलांच्या बाबतीत हा प्रश्न टाळताच येत नाही. आठवडाभर इंग्रजी आणि सुटीच्या दिवशी मराठी शाळेत दोन-एक तास, एवढ्यावर भाषा टिकत नाही. ती टिकते घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या गोष्टींनी. म्हणून इथल्या मंडळांनी आणि तिकडच्या अंगणवाड्यांसाठी कुणीतरी हाताने शिवलेली कापडी पुस्तके करायला घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. कापडी पुस्तक चघळता येते, धुता येते, फाटत नाही. लंडनमध्ये डीन कंपनीने १९०३ सालीच कापडी पुस्तकांसाठी (इंग्रजीत ‘रॅग बुक’) वेगळी कंपनी काढली होती, ती याच गुणांमुळे. आपल्याकडे तर गोधडी शिवणारे हात घरोघरी होते.

साहित्य फार लागत नाही. आठ पानांच्या पुस्तकाला ९० सेंटिमीटर पन्ह्याचा मांजरपाट अर्धा मीटर पुरतो. तो आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा धुवा. हे टाळले की दोन नुकसाने होतात. कापडातली खळ रंगाला आत शिरू देत नाही, त्यामुळे रंग वरच बसतो आणि पहिल्या धुण्यात पापुद्र्यासारखा निघतो. शिवाय पुस्तक तयार झाल्यावर कापड आटले की पाने वेडीवाकडी होतात. धुतलेले कापड ओलसर असतानाच इस्त्री करून ३८ × २० सेंटिमीटरचे चार तुकडे कापा. दोन तुकड्यांचा एक जोड. जोड मधोमध दुमडला की १८ सेंटिमीटरची चौरस चार पाने होतात. दोन जोड एकात एक बसवले की आठ.

रंगवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर पानांचे आकडे खडूने घालावेत, कारण चुका सर्वांत जास्त इथेच होतात. बाहेरच्या जोडाच्या बाहेरच्या बाजूला डावीकडे आठवे पान आणि उजवीकडे पहिले, आतल्या बाजूला दुसरे आणि सातवे. आतल्या जोडाच्या बाहेरच्या बाजूला सहावे आणि तिसरे, आत चौथे आणि पाचवे. आतला जोड शिवताना रुंदीत चार-पाच मिलिमीटर कमी ठेवा, नाहीतर पुस्तक मिटल्यावर त्याची कड बाहेर डोकावते.

आता स्टेन्सिल, म्हणजे अक्षराचा आकार कापून काढलेला साचा, ज्यातून कापडावर रंग लावायचा. परदेशात फ्रीझर पेपर मिळतो. हा एका बाजूने प्लास्टिकचा थर असलेला कागद. चकचकीत बाजू खाली ठेवून कोरडी इस्त्री फिरवली की तो कापडाला तात्पुरता चिकटतो आणि रंग वाळल्यावर सहज सुटतो. महाराष्ट्रात जुनी एक्स-रे फिल्म धुऊन वापरावी. ती कितीही वेळा वापरता येते, पण चिकटत नाही, म्हणून कडांना कागदी चिकटपट्टी लागते.

देवनागरीचे स्टेन्सिल रोमन लिपीपेक्षा अवघड आहे आणि त्याचे कारण शिरोरेषा. प, म, य, स, घ ही अक्षरे वरून उघडी असतात. शिरोरेषा आली की ती बंद होतात आणि मधला तुकडा गळून पडतो. उपाय सुंदर आहे: शिरोरेषा कापूच नका. अक्षराचा खालचा भाग स्टेन्सिलने रंगवा आणि शिरोरेषा नंतर सहापदरी दोऱ्याने साखळी टाक्यात भरा. ग, ण, श यांचे सुटे भागही त्या टाक्यानेच जोडले जातात. मूल त्या रेघेवरून बोट फिरवते तेव्हा अक्षर कुठून लोंबते ते त्याला बोटाला कळते. भ, ध, थ भरताना मात्र सांभाळा. तिथे रेघ डावीकडून सुरू केली की ध चा घ होतो. व आणि ब यांच्या पोटातले तुकडे तरीही सुटतातच. फ्रीझर पेपरवर ते वेगळे ठेवून इस्त्रीने चिकटवता येतात. फिल्मवर मात्र तो तुकडा धरून ठेवणाऱ्या तीन मिलिमीटर रुंदीच्या दोन न कापलेल्या पट्ट्या ठेवाव्याच लागतात, कारण एकाच पट्टीवर तुकडा हलतो आणि खाली रंग जातो. अक्षराची उंची नऊ-दहा सेंटिमीटर आणि रेघेची जाडी किमान सव्वा सेंटिमीटर हवी.

रंग कापडाचाच घ्यायचा आणि त्यात पाणी घालायचे नाही. स्पंजचा बोळा रंगात टेकवून आधी रद्दीवर टिपा, जवळजवळ कोरडा वाटेपर्यंत. मग सरळ उभा धरून कडेकडून मध्याकडे थापटत जा. कुंचला ओढला तर रंग कडेखाली ढकलला जातो आणि अक्षराला मिशा फुटतात. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर नेहमी बरे. एक दिवस वाळू द्या, मग उलट बाजूने वाफेशिवाय तीन-चार मिनिटे इस्त्री. त्यानंतरच भरतकाम. पाने बंद करण्याआधी ते झाले की सगळ्या गाठी आत राहतात.

शिवताना सुलट बाजू समोरासमोर, वर जुन्या फ्लॅनेलचा एक थर. सुटा कापूस नको, धुतल्यावर त्याचे गोळे होतात. सगळीकडून एक सेंटिमीटर सोडून टीप, खालच्या कडेला सात सेंटिमीटरची फट. कोपरे टिपेपासून दोन मिलिमीटरवर तिरके कापून मग उलटवा. इस्त्री करून कडेने पुन्हा टीप मारली की फटही बंद होते. शेवटी दोन्ही जोड एकात एक ठेवून मधल्या घडीवर मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने हाताने टीप घाला. साधा धावदोरा इथे टिकत नाही. एक टाका तुटला की सगळी घडी सुटते.

बटणे, मणी, टिकल्या, आरसे नकोतच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी तपासणीची एक छोटी नळी असते, व्यास ३१.७ मिलिमीटर. सुटून त्यात मावेल असे काहीही धोक्याचे.

चित्रांचा मुद्दा इथे आणि तिथे सारखाच आहे. पूर्ण मुळाक्षरे एका पुस्तकात कोंबायची गरज नाही. मूल रोज ऐकते असे सहा शब्द पुरेत: पोळी, बस, मांजर, बूट, चमचा, आजी. परदेशातल्या पालकांना एक वेगळी सूचना. इथल्या संगणकावर देवनागरीचे अनेक फाँट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा पुन्हा आग्रह धरला आहे. छापून कापण्याआधी ती दोन अक्षरे नीट पाहा, नाहीतर आजी पाठवते त्या पुस्तकातला ल मुलाला परका वाटेल.

मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्यांना हे किरकोळ वाटेल. मला वाटत नाही. एका पुस्तकामागे दहा-बारा तासांचे काम आहे आणि ते अंगणवाडीताईंच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून टाकणे अन्याय होईल. नोंदी, पोषण आहार, सर्वेक्षणे यांतच त्यांचा दिवस संपतो. हे बचत गटांचे काम आहे, आणि पैसे मोजून करून घ्यायचे. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्रीय आदेश २०२१ पासून लागू आहे, पण हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. बायकांची ती नोंदणी करून देणे ही जिल्हा पातळीवर होण्यासारखी गोष्ट आहे. आणि शासनाने मान्य केलेल्या वळणाची, शिरोरेषेशिवायची अक्षरे खऱ्या मापात बालभारतीने मोफत उपलब्ध करून द्यावीत, म्हणजे लातूरच्या बचत गटाला आणि लंडनच्या मराठी शाळेला एकच नमुना कापता येईल.