"किलोमीटरला किती?" एवढंच विचारून गाडी ठरवू नका

गाडी ठरते फोनवर, दोन मिनिटांत. "किलोमीटरला किती?" "तेरा." "बाराला द्या की." "नाही परवडत ताई, साडेबारा करा." झालं, ठरलं. आपल्याला वाटतं, अर्धा रुपया कमी करून घेतला. आणि परत आल्यावर दारात, बॅगा अजून डिकीत असताना, वाद सुरू होतो. गाडीवाला म्हणतो सहाशे किलोमीटर, आपण मीटर दाखवून म्हणतो साडेतीनशे. शेजारी खिडकीतून बघतात. शेवटी कुणीतरी पाच-सहाशे कमी देतं, गाडीवाला कुरकुरत निघून जातो आणि दोघांच्याही मनात राहतं की समोरच्यानं आपल्याला फसवलं.

मी साताऱ्यात हिशेबाची कामं करते. माझ्याकडे काही टुरिस्ट गाडीवाल्यांच्याही वह्या येतात, त्यामुळे हा वाद मला दोन्ही बाजूंनी कळतो. आणि माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक भांडणांत कुणीच लबाडी केलेली नसते. दर ठरलेला असतो, पण तो दर किती किलोमीटरला लावायचा, दिवस कधी सुरू होतो आणि मोजणी कुठून धरायची, हे कुणी बोललेलंच नसतं.

आधी तीनशेचं बघू. बाहेरगावच्या भाड्याला "दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर" हा नियम जवळपास सगळेच लावतात. काही जण २५० धरतात. समजा तुम्ही साताऱ्याहून कोल्हापूर, नरसोबाची वाडी करून एक मुक्काम केला आणि परत आलात. गाडी पळाली अंदाजे ३५०. तुम्ही मनात धरता ३५० गुणिले १३, म्हणजे ४,५५० रुपये. गाडीवाला धरतो दोन दिवस, ६०० किलोमीटर, ७,८०० रुपये. सव्वातीन हजारांचा फरक. त्यावर दोन दिवसांचा ड्रायव्हर भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळं.

हे ऐकून बरेच जण म्हणतात, न पळालेल्या गाडीचे पैसे कसले? मलाही काम सुरू केलं तेव्हा हाच प्रश्न पडायचा. उत्तर वहीतच मिळालं. एका गाडीवाल्याची लाल कापडी बायंडिंगची वही आहे. डावीकडे निघतानाचं मीटर, उजवीकडे परत आल्याचं, खाली पेन्सिलीनं पंक्चर, चहा, गाडी धुण्याचे पैसे. आणि पौषातली पानं काढली तर तारखेपुढे एकच शब्द, उभी. परत उभी. परत उभी. लग्नं नाहीत, म्हणून भाडी नाहीत. पण त्याच पानांवर कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला गेलेला असतो.

जरा त्याच्या बाजूनं आकडे मांडा. डिझेल ९० रुपये धरलं आणि गाडीनं १८ चं ॲव्हरेज दिलं, तर किलोमीटरला ५ रुपये नुसते जळून जातात. उरलेल्या आठात हप्ता, टायर, सर्व्हिसिंग, परमिट, टॅक्स, पासिंग आणि टॅक्सीचा विमा. प्रवासी गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. आता वाडीच्या त्या फेरीत त्यानं नुसते ३५० किलोमीटरचे पैसे घेतले असते, तर डिझेल वजा जाता दोन दिवसांचे २,८०० रुपये राहतात आणि त्यातच ड्रायव्हरचा पगारही. गाडी तुमच्यासोबत मुक्कामाला अडकल्यामुळे त्या दोन दिवसांत दुसरं भाडंही घेता आलं नाही. म्हणून किमान किलोमीटरचा नियम मला रास्त वाटतो. मला खटकतं ते तो आधी न सांगणं.

आणि "३०० मिनिमम" सांगितलं तरी प्रश्न संपत नाही. ते रोजचे रोज धरायचे की सगळे दिवस मिळून सरासरी? पहिल्या दिवशी ४५० आणि दुसऱ्या दिवशी १५० झाले, तर सरासरीनं ६०० च होतात, बिल ७,८००. पण रोजचं वेगळं धरलं तर पहिल्या दिवसाचे ४५० आणि दुसऱ्याचे ३००, एकूण ७५०, बिल ९,७५०. तोच प्रवास, तोच दर. मला सरासरीची पद्धत योग्य वाटते, कारण गाडीवाल्याची दोन दिवसांची कमाई त्यात भरून निघालेलीच असते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी तेच सांगते. पण एखाद्याला रोजचं धरायचं असेल तर धरावं, फक्त निघायच्या आधी सांगावं.

सगळ्यात मोठी वादावादी होते ती रात्रीच्या गाडीवर. घरटी नाही तरी गल्लीटी एक मूल आता परदेशात आहे. विमान पहाटेचं, म्हणून सातारा सोडायचा रात्री दहाला. मुंबई विमानतळावर सोडून गाडी सकाळी दहापर्यंत परत. बारा तासांचं काम. पण मध्ये रात्रीचे बारा वाजून गेले, तारीख बदलली, की कॅलेंडर धरणारा गाडीवाला त्याचे दोन दिवस लावतो. जाऊन-येऊन अंदाजे ५२० किलोमीटर होतात, त्याचे ६,७६० रुपये. दोन दिवस धरले तर ६००, म्हणजे ७,८००, शिवाय भत्ता दोनदा. अर्धा रुपया कमी करून घेतलात तर ५२० किलोमीटरला वाचतात २६० रुपये. दिवस कसा धरणार हे न विचारल्यानं जातात १,०४०. मग घासाघीस कुठे करायला हवी होती?

इथे मी गिऱ्हाइकाच्या बाजूची आहे. निघाल्यापासून २४ तासांचा एक दिवस हीच सरळ मोजणी. रात्र जागून गाडी चालवणाऱ्याला जास्त द्यायचं असेल तर रात्रीचा भत्ता म्हणून उघड मागावा, तो मी आनंदानं देईन. तारखेच्या आडून किलोमीटर वाढवू नयेत.

"गॅरेज टू गॅरेज" या शब्दांवरही लोक उगाच चिडतात. अर्थ इतकाच की मीटर तुमच्या दारात सुरू होत नाही, गाडी जिथे उभी असते तिथून सुरू होतं आणि तिथेच परत जाऊन थांबतं. गाडी कोरेगावची आणि तुम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहत असाल, तर येण्याजाण्याचे अंदाजे ४० किलोमीटर, म्हणजे ५२० रुपये तुमच्या बिलात येणार. पण एक गोष्ट लक्षात घ्या. एका दिवसाचा प्रवास २५० चा असेल तर हे ४० मिळवूनही २९० होतात, तीनशेच्या आतच. बिल बदलत नाही. मग त्यावरून गाडीवाल्याशी हुज्जत घालण्यात काही अर्थ नाही. प्रवास लांबचा असेल तेव्हा मात्र गाडी कुठून येणार हे जरूर विचारा आणि जवळची बघा.

पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना हे पटत नाही, कारण त्यांना ॲपची सवय. ॲपवरून टॅक्सी देणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारच्या २०२५ च्या ॲग्रीगेटर मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांत म्हटलंय की तीन किलोमीटरपेक्षा लांबच्या फेरीला रिकाम्या गाडीचे पैसे प्रवाशाकडून घ्यायचे नाहीत, भाडं बसल्यापासून उतरेपर्यंतचंच. ते पुण्यात ठीक आहे. तिथे एक उतरला की दुसरा कोपऱ्यावर उभा असतो. साताऱ्याच्या गाडीनं तुम्हाला पुण्याच्या लोहगाव विमानतळावर सोडलं तर परत येताना तिला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. म्हणून एका बाजूच्या ड्रॉपलाही दोन्ही बाजूंचं भाडं धरतात. त्याच सूचनांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुप्पटीपर्यंत आकारायची मुभा आहे, हेही पाहुण्यांना सांगावं. आपला गाडीवाला निदान पाऊस आला म्हणून दर बदलत नाही.

कासच्या हंगामात लोकल पॅकेजची गंमत नाही, डोकेदुखी असते. ठरलेल्या रकमेत आठ तास, ८० किलोमीटर, त्यापुढचं जादा. कास करून ठोसेघरला गेलात की ८० ओलांडले जातातच, आणि रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागली की तासही ओलांडतात. मग जादा तासाचे घेणार, जादा किलोमीटरचे घेणार, की दोन्ही? पद्धती वेगवेगळ्या आहेत. विचारून घ्या. महाबळेश्वर-पाचगणीकडे निघालात तर तिथल्या नाक्यावरचा पालिकेचा प्रवासी कर तुमच्याकडेच असतो, तो भाड्यात धरलेला नसतो.

टोलबद्दल मात्र मी गाडीवाल्यांना बोलणार आहे, कारण तिथे अंदाजाला जागाच नाही. पुण्याला जाताना आनेवाडी आणि खेड शिवापूर, कोल्हापूरकडे तासवडे आणि किणी. सगळीकडे फास्टॅग. पैसे कापले की मालकाच्या फोनवर मेसेज येतो, रुपयापर्यंत आकडा. तरी बिलात "टोल अंदाजे १,०००" असं कशाला लिहायचं? राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर २४ तासांत परत आलं तर दोन्ही मिळून एकेरीच्या दीडपट पैसे कापतात. गिऱ्हाइकाकडून दुप्पट घेतले तर मधला फरक कुणाचा? मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवा, तेवढेच पैसे घ्या, विषय संपला. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईत शिरतानाच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तरी मी नंतरच्या बिलांत "वाशी टोल" वाचलेला आहे. जुनं बिल कॉपी केल्यानं झालं असेल, पण पैसे खरे जातात. उलट गिऱ्हाइकांनीही लक्षात ठेवावं की वार्षिक फास्टॅग पास खासगी गाड्यांनाच आहे, टॅक्सीला नाही. "पास काढा ना" म्हणून गाडीवाल्याच्या मागे लागू नका.

जीएसटीचं एका वाक्यात सांगते. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी आकारता येत नाही. बिलावर जीएसटी नंबर नसेल आणि तरी पाच टक्के लावले असतील, तर ते द्यायचे नाहीत.

आणि भत्ता. तीनशे, चारशे, पाचशे, जो असेल तो. गाडीमालक स्वतः चालवत असेल तर प्रश्न नाही. पण गाडी एकाची, चालवणारा दुसरा, असं असलं की भत्ता बिलात दिसतो आणि चालवणाऱ्याच्या हातात कधी पडतो, कधी अर्धाच पडतो. हे मला फार लागतं. रात्री तुम्ही लॉजवर झोपता, तो सीट मागे करून गाडीत झोपतो आणि सकाळी पुन्हा तुमच्या अख्ख्या कुटुंबाचा जीव त्याच्या डोळ्यांवर असतो. मुक्कामाची गाडी ठरवताना "ड्रायव्हरची झोपायची सोय कोण करणार?" हे मी मालकाला स्पष्ट विचारते. तुम्हीही विचारा.

एवढं सगळं नको म्हणून काही जण पांढऱ्या पाटीची गाडी घेतात, ओळखीतल्या कुणाची तरी. दोन-तीन रुपये स्वस्त पडते. खासगी गाडी भाड्यानं चालवायला परवानगी नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवते. लग्नाचं वऱ्हाड असल्या गाडीत बसवू नका.

मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीचं भाडं सरकार ठरवतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६७ नं राज्याला तो अधिकार दिलाय. १ फेब्रुवारी २०२५ पासून तिथे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जादा, हे कुणालाही वाचता येतं. आपल्याकडच्या टुरिस्ट गाड्यांना असं भाड्याचं मीटर नाही, भाडं आपापसात ठरतं. दर एकसारखे असावेत असं माझं म्हणणं नाही, चांगली गाडी चार रुपये जास्त घेणारच. पण मोजायची पद्धत लिहिलेली असावी. पोवई नाक्यावर, एसटी स्टँडजवळ, बॉम्बे रेस्टॉरंट चौकात, जिथे जिथे गाड्या उभ्या असतात तिथे एक बोर्ड लागला पाहिजे. दराचे आकडे नसले तरी चालतील, पद्धत असू दे.

तोवर व्हॉट्सॲप आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाडीवाल्यांना मी एक मेसेज लिहून दिलाय. भाडं ठरलं की तो पाठवायचा, समोरून "ठीक आहे" आलं की गाडी बाहेर काढायची:

"गाडी सातसीटर, दर किमीला १३ रु. दिवसाला कमीत कमी ३०० किमी, सगळे दिवस मिळून सरासरी. दिवस म्हणजे निघाल्यापासून २४ तास. किमी गाडीच्या जागेपासून परत जागेपर्यंत, जाऊन-येऊन जादा किमी ___. ड्रायव्हर भत्ता दिवसाला ___, रात्री ११ नंतर चालवल्यास जादा ___. मुक्कामाला ड्रायव्हरच्या झोपायची सोय: तुमची / आमची. टोल फास्टॅगच्या मेसेजप्रमाणे, पार्किंग पावतीप्रमाणे. जीएसटी नाही. ॲडव्हान्स ___, आदल्या दिवशी रद्द केल्यास परत / परत नाही. निघताना आणि उतरताना मीटरचा फोटो दोघांनी काढायचा."

सातारा, कराड, कोरेगाव, वाई, जिथले गाडीवाले हे वाचत असतील त्यांनी आपले आकडे घालून खुशाल वापरावा. माझं नाव लिहायची गरज नाही.