टॉम विल्सने एकट्याने फूटी बनवली? थांबा जरा

फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सीझन सुरू झाला की हा फॉरवर्ड येतोच: "टॉम विल्स लहानपणी आदिवासी मुलांकडून मार्नग्रूक (त्यांचा बॉलचा खेळ) शिकला, तोच उचलून त्याने एकट्याने ऑस्ट्रेलियन फुटबॉल बनवला, १८५८ला पहिली मॅच जिंकली आणि १८६८ला आदिवासी क्रिकेट टीम इंग्लंडला नेली." विल्स, १९व्या शतकातला ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू, मलाही आवडतो हो, पण इतकी फेकाफेक?

एकट्याने कुठे, १७ मे १८५९ला मेलबर्न फुटबॉल क्लबचे दहा नियम ठरले तेव्हा हॅमर्सली, थॉम्पसन, स्मिथ असे बाकीचेही बसलेले. विल्स इंग्लंडच्या रग्बी नावाच्या शाळेत शिकलेला, त्याने तिथल्याच फुटबॉलचे नियम पुढे केले, पण हॅमर्सलीने नंतर लिहिलंय की ते विल्स सोडून कुणालाच कळत नव्हते! शेवटी ठरलं काय, तर पाडापाडी, ढकलाढकली चालेल पण नडगीवर लाथा नकोत, आणि जमिनीवरचा बॉल हाताने उचलायचा नाही. पळताना बॉल आपटायचा नियम तर थेट १८६६चा. बरं, विल्सच्या १० जुलै १८५८च्या ज्या पत्राचं एवढं कौतुक होतं त्यात तो म्हणतो, क्रिकेटवाले हिवाळ्यात सुस्तावतात, फुटबॉल क्लब काढा, नसेल जमत तर रायफल क्लब तरी काढा.

मॅच जिंकली म्हणे. ७ ऑगस्ट १८५८ला स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांची चाळीस-चाळीस पोरं खेळली, विल्स अंपायर होता. तीन शनिवार चालली, एकेक गोल, ड्रॉ.

मार्नग्रूकचं जरा सांभाळून बोलायला हवं. विल्स जाब वुरंग या आदिवासी जमातीच्या मुलांत वाढला, त्यांची भाषा बोलायचा, पोसम या प्राण्याच्या कातड्याच्या बॉलचा खेळ त्या भागात होता, हे सगळं खरं. पण त्याच्या स्वतःच्या लिखाणात त्या खेळाचा उल्लेखच नाही. त्यामुळे प्रभाव असेलही, मी नाही म्हणत नाही, पण "उचलला" कशावरून?

इंग्लंडला टीम नेली चार्ल्स लॉरेन्सने. विल्सने तिला त्याआधी तयार केली, १८६६च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, स्वतः कॅप्टन म्हणून उतरवली. आणि खरी गोष्ट तर इथे आहे: १८६१ला क्वीन्सलँडमध्ये कलिन-ला-रिंगोला आदिवासींच्या हल्ल्यात त्याचे वडील धरून १९ जण मारले गेले, विल्स सामान आणायला गेला होता म्हणून वाचला, मग गोऱ्यांनी सूड म्हणून कितीतरी आदिवासी मारले, आणि पाच वर्षांनी हाच माणूस आदिवासी पोरांना क्रिकेट शिकवत होता. फॉरवर्डवाल्याला हे दिसलंच नाही.